रांगेतला नंबर
(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला फोनवर सांगितलं, "तू कॉम्प्युटरमधला माणूस आहेस, काहीतरी नव्या जमान्याचं बोल." नव्या जमान्याचं तुमची नातवंडं माझ्यापेक्षा बरं सांगतील. मी एका जुन्या प्रिंटरबद्दल बोलणार आहे. वीस मिनिटं दिली आहेत, पंधरात आटपतो. जेवणाचा वास मलाही येतोय.

आपली दहावी १९८७ ची. पुढे बी.एस्सी. करून १९९२ साली मी एका विद्यापीठाच्या संगणकशास्त्र विभागात एम.एस्सी.ला गेलो. विद्यापीठाचं नाव मुद्दाम घेत नाही, कारण पुढे माझी एक चूक येणार आहे आणि ती विभागाच्या माथी लागायला नको. तोवर मी प्रिंटर नावाची वस्तू लांबूनच बघितलेली, केजच्या बँकेत. करकर आवाज करत कागद बाहेर ढकलायचा तो.

विभागात सन कंपनीचं एक मोठं मशीन होतं, युनिक्सवर चालणारं. त्याला पंधरा-वीस टर्मिनलं जोडलेली. आणि या सगळ्यांत मिळून प्रिंटर दोन. एक लाइन प्रिंटर, कडेला भोकं असलेल्या लांबच लांब हिरव्या पट्ट्यांच्या कागदावर छापणारा, एका ओळीत १३२ अक्षरं. दुसरा एचपीचा लेसरजेट ४, नवा कोरा. मिनिटाला आठ पानं, पण त्यात आलेख असले की एकेका पानाला चहा पिऊन यावं. प्राध्यापक, पीएच.डी.वाले, आम्ही, कार्यालयातले कारकून, सगळे त्या दोघांवर.

आता प्रश्न असा, की दहा जणांनी एकाच वेळी छापायला दिलं तर दहा जणांच्या ओळी एकमेकांत का मिसळत नाहीत? युनिक्सनं यावर काढलेला तोडगा अगदी आपल्या गावातला आहे. तुम्ही 'एलपीआर' असा हुकूम दिला की तुमची फाइल थेट प्रिंटरकडे जात नाही. मशीन तिची एक प्रत करून एका ठरलेल्या जागी ठेवतं, तिला स्पूल म्हणतात. तिथे एक कार्यक्रम कायम जागा बसलेला असतो. तो एकेक फाइल क्रमानं उचलतो आणि प्रिंटरला देतो. 'एलपीक्यू' म्हटलं की सगळी रांग पडद्यावर दिसते: कोण पहिला, कोण दुसरा, कुणाची फाइल केवढी. ही रांग कुणालाही बघता येते, विभागप्रमुखांनाही आणि कालच आलेल्या पोरालाही. स्वतःची फाइल काढून घ्यायची असेल तर 'एलपीआरएम'. दुसऱ्याची मात्र तुम्हाला काढता येत नाही.

बहात्तरचा दुष्काळ आपण ऐकून आहोत, पण टँकरची रांग आपण स्वतः बघितली आहे. बायका पहाटे घागर ठेवून जायच्या. घागर नसली तर दगड ठेवायच्या. त्या दगडाला नंबर असायचा आणि तो कुणी हलवायचं नाही. भांडणं व्हायची, केस ओढले जायचे, पण दगड हलवला असं मी कधी बघितलं नाही. स्पूल म्हणजे ती दगडांची रांग. ज्यांनी हे युनिक्समध्ये लिहिलं, त्या कॅलिफोर्नियातल्या बर्कलीच्या लोकांनी धारूरचा घाट बघितला असण्याची शक्यता नाही, पण माणसं एका नळावर आली की सगळीकडे सारखंच वागतात.

एक गंमत सांगतो. प्रत्येकाच्या कागदाआधी मशीन एक जादा पान छापायचं, बॅनर. त्यावर त्या माणसाचं लॉगिन नाव हातभर मोठ्या अक्षरांत. मोठा 'ए' काढायचा तर तो लहान लहान 'ए' मांडूनच काढलेला, रांगोळीच्या ठिपक्यांसारखा. पण नावाला अक्षरं फक्त आठ, इंग्रजीतली. कुलकर्णी बरोबर आठांत बसायचे. देशपांड्यांचा शेवटचा 'ई' उडायचा आणि सूर्यवंशी 'सूर्यवान' होऊन बाहेर पडायचे. आमच्या वर्गातल्या सूर्यवंशीला पुढे दोन वर्षं सगळे सूर्यवानच म्हणायचे.

दुसऱ्या वर्षी फावल्या वेळात प्रयोगशाळा सांभाळायचं काम मला मिळालं. महिन्याला थोडे पैसे आणि रूटचा पासवर्ड. रूट म्हणजे मशीनचा मालक. त्याला कुणाचीही फाइल काढता येते, आणि 'एलपीसी' नावाच्या कार्यक्रमात 'टॉपक्यू' म्हणून एक हुकूम आहे, त्यानं कुणाचाही नंबर उचलून सगळ्यांच्या पुढे ठेवता येतो. थोडक्यात, दगड हलवायचा अधिकार.

जून १९९४. प्रकल्पाचा अहवाल द्यायचा शेवटचा दिवस, संध्याकाळी पाचपर्यंत. माझी साठ पानं तयार झाली तेव्हा अडीच वाजले होते. एलपीक्यू केलं तर रांगेत माझ्या आधी आठ जण. माझ्या लगेच पुढे आमच्याच वर्गातली परभणीकडची एक मुलगी. ती सकाळपासून प्रिंटरशेजारच्या स्टुलावर बसून होती. मला बांधणीवाल्याकडे जायचं होतं, तो चारला दुकान बंद करायचा. मी आजूबाजूला बघितलं, रूट झालो आणि टॉपक्यू मारलं. दोन सेकंदांचं काम. माझं नाव वर आलं. पुठ्ठा पसंत करायला मी खाली बांधणीवाल्याकडे गेलो.

इथे नियती म्हणा किंवा अमेरिका म्हणा, आडवी आली. अहवालाचा साचा मी एका अमेरिकन विद्यापीठाकडून आणलेला. अमेरिकेत कागद ए-फोर नसतो, 'लेटर' असतो, साडेआठ इंच बाय अकरा. आपल्या ए-फोरपेक्षा जरा रुंद आणि आखूड. प्रिंटरनं लेटर कागद मागितला, कप्प्यात तो नव्हता, आणि त्याच्या छोट्या पट्टीवर अक्षरं उमटली: 'पीसी लोड लेटर'. पीसी म्हणजे पेपर कॅसेट, कागदाचा कप्पा, हे मला पुढे कळलं. एक बटण दाबलं की तो निमूट ए-फोरवर छापतो. पण हे माहीत असलेला एकटा मी, आणि मी पुठ्ठे बघत होतो. आमच्या शिपाईमामांनी ते वाचलं आणि कार्यालयात जाऊन विभागप्रमुखांच्या सहीचं एक पत्र घेऊन आले. प्रिंटर लेटर मागतोय म्हणून. त्यांनी ते पत्र कप्प्यात घालूनही बघितलं. आज आपण हसतोय, तेव्हा मीही हसलो होतो, पण पाऊण तास रांग जागची हलली नव्हती.

मी आलो, बटण दाबलं, माझी साठ पानं निघाली. त्यानंतर बाकीच्यांची. तिचं शेवटचं पान निघालं तेव्हा पाच वाजून गेले होते आणि कार्यालयाची खिडकी बंद झाली होती. तिची तोंडी परीक्षा पुढच्या खेपेला गेली, सहा महिने. घरून तिला एक वर्षही जादा मिळणार नाही हे आम्हाला सगळ्यांना ठाऊक होतं. तिनं मला एकदाच विचारलं, "तुझा नंबर माझ्या मागे होता ना रे?" मी म्हणालो, "मशीनचं काही सांगता येत नाही."

मशीनचं सांगता येतं. मशीननं कधीच कुणाचा नंबर हलवला नव्हता.

तिनं ते सहा महिने कसे काढले मला माहीत नाही. पुढे ती शिकवायला लागली, आजही शिकवते. पंधरा वर्षांनी मी तिला फोन करून खरं सांगितलं. ती म्हणाली, "मला त्याच दिवशी कळलं होतं. एलपीक्यू मलाही करता येत होतं." मग तिनं माझ्या मुलांची चौकशी केली. मी माफी मागितली ती तिनं स्वीकारली की नाही, हे मला अजून कळलेलं नाही.

प्रिंटरच्या रांगेतून जगात बऱ्या गोष्टीही घडल्या आहेत. अमेरिकेतल्या एमआयटीत रिचर्ड स्टॉलमन नावाचा माणूस होता. त्यांचा प्रिंटर दुसऱ्या मजल्यावर. कागद अडकला की वाट बघणाऱ्यांना आपोआप निरोप जाईल, अशी दुरुस्ती त्यानं जुन्या प्रिंटरच्या कार्यक्रमात केली होती. मग झेरॉक्स कंपनीचा नवा लेसर प्रिंटर आला आणि त्याचा मूळ कार्यक्रम काही केल्या मिळेना. दुसऱ्या विद्यापीठातल्या एकाकडे तो होता, पण कुणाला देणार नाही असं तो लिहून देऊन बसला होता. स्टॉलमनला हे फार लागलं. १९८३ साली त्यानं सगळ्यांना वाचता, बदलता आणि वाटता येईल अशी प्रणाली उभी करण्याची घोषणा केली. आज आपल्या शाळेच्या संगणकांवर जे लिनक्स चालतं, त्याचं एक मूळ त्या अडकलेल्या कागदात आहे. आमच्या पाऊण तासातून मात्र फक्त एक शिपाईमामांचा विनोद निघाला.

त्या जूननंतर मी पासवर्ड परत केला. एक काम मात्र करत राहिलो. बॅनरची पानं लोक तिथेच टाकून जायचे, पाठीमागून कोरी. लाइन प्रिंटरचे तर गठ्ठेच्या गठ्ठे. ते मी गोळा केले आणि दिवाळीच्या आधी लाल डब्याच्या टपावर टाकून इथे आणले. कंडक्टरनं सामानाचं तिकीट फाडलं. आपल्या गणिताच्या गुरुजींनी, ते समोरच बसलेत, कागदाच्या घड्या उलगडून, कापून, दाभणानं शिवून कच्च्या वह्या केल्या.

दिवाळी झाली की आपला अर्धा वर्ग रिकामा व्हायचा, हे विसरलात का? मुकादमाची उचल घेतलेली घरं, बैलगाडीत भांडी आणि पोरं घालून कारखान्याकडे. आपल्यातले किती जण त्या गाडीतून गेले आणि हजेरीपटावर परत आले नाहीत, त्यांची नावं आजच्या या स्मरणिकेच्या यादीत नाहीत. मी संयोजकांना तसं म्हणालोही. गुरुजींनी त्या वह्या आधी त्या पोरांना दिल्या. "फडावर कोपीत बसून पाढे लिहा," म्हणाले. एका बाजूला सूर्यवान, मोठ्या अक्षरांत, दुसऱ्या बाजूला सतरा नव्वे त्रेपन्नाशे. त्या गठ्ठ्यात तिच्या नावाचं पानही होतं, पाच वाजून गेल्यावरची वेळ छापलेलं. ते कुणाच्या वहीत गेलं, ठाऊक नाही.

आता शेवटचं, कामाचं. आपल्या तुकडीनं वर्गणी काढून शाळेला जो प्रिंटर दिलाय, तो मी काल संध्याकाळी लावला. बाराही संगणकांवरून चालतो. रांग प्रत्येक पडद्यावर सगळ्यांना दिसेल अशी ठेवली आहे. मुख्याध्यापकांनी विचारलं, कार्यालयाचं काम आधी निघेल अशी सोय करता येईल का. करता येते. मी केलेली नाही, आणि त्यांना कारण सांगितलं आहे. फार घाई असेल तर त्यांनी पुढच्या मुलाला विचारावं. कागदाचं माप सगळीकडे ए-फोर आहे. बंद पडला तर त्याच्या पोटात पत्र घालू नका, मला फोन करा.