सही करण्याआधी
(गणेशोत्सवातील भाषण)



व्यासांनी महाभारत सांगितले, गणरायांनी लिहिले. लेखणी थांबू द्यायची नाही, ही गणरायांची अट. अर्थ समजल्याशिवाय अक्षर लिहायचे नाही, ही व्यासांची. ती दुसरी अट आज आम्ही पोलीस ठाण्यापर्यंत नेणार आहोत.

भालकी, औराद, बसवकल्याण, आळंद या भागांत आपण पिढ्यान्‌पिढ्या मराठी बोलत आलो. निजामाच्या कचेरीत उर्दू होती. १ नोव्हेंबर १९५६ला आपले जिल्हे म्हैसूर राज्यात आले, पुढे कारभार कन्नडमध्ये गेला. घरची भाषा एक, कागदाची दुसरी, हे आपल्याला जुनेच. फिर्याद, आरोपी, जामीन हे शब्द कन्नडमध्येही कानी पडतात. तिथेच आपण फसतो. शब्द कळले म्हणजे वाक्य कळले असे समजून सही करून मोकळे होतो.

ठाणे, सरकारी वकील, न्यायालय, तुरुंग ही निरनिराळी खाती. त्यांच्यामध्ये आपल्याआधी आपला कागद फिरतो. पहिल्या कागदातली चूक शेवटपर्यंत पाठ सोडत नाही.

उच्च न्यायालयासाठी पूर्वी बेंगळूर गाठावे लागे. २००८ साली कलबुर्गीत पीठ सुरू झाले, २०१३ला ते कायम झाले. रस्त्याचे अंतर घटले. भाषेचे आपणच घटवायचे आहे.

कायदा आपल्या बाजूने आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेनुसार तोंडी फिर्याद लिहून घेतल्यावर वाचून दाखवावीच लागते आणि तिची प्रत फुकट द्यावी लागते. गुन्हा उदगीरला घडला तरी फिर्याद बीदरच्या ठाण्यात देता येते. तपासात पोलिसांपुढे दिलेल्या साक्षीदाराच्या जबाबावर मात्र सही घ्यायची नसते. न्यायालयात आरोपीला न कळणाऱ्या भाषेत साक्ष झाली, तर ती त्याला कळेल अशा भाषेत सांगावी लागते. स्त्रिया आणि कोठडीतील व्यक्ती यांना उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळू शकतो.

“साहेब, एकदा वाचून, समजावून सांगा,” एवढे म्हणायला आम्हालाही संकोच वाटत असे. तो आता सोडू या. मुलांना कन्नड लिहा-वाचायला शिकवू या. त्याने मराठी उणी होत नाही. आणि मंडळाने दोन्ही भाषा जाणणाऱ्या कार्यकर्त्यांची यादी करावी, म्हणजे रात्री-अपरात्री ठाण्यात जावे लागले तर कुणी एकटे जाणार नाही.

अर्थ कळल्याशिवाय सही नाही, हाच यंदाचा आपला संकल्प.

गणपती बाप्पा मोरया!