सभेतला प्रश्न आणि जात्यावरची सीता



दसऱ्याला आपल्या हिंगोलीच्या रामलीला मैदानावर रावण जळतो. आम्ही लहानपणापासून तो पाहत आलो आहोत. दारूचा धडाका होतो, मुले ओरडतात, आणि रावणाच्या कामट्या खाली पडल्या की सारा गाव धूळ झटकून घराकडे वळतो. रामायण संपले, असे आपण समजतो. परंतु सीतेच्या दृष्टीने पाहिले तर तिचे खरे रामायण तेथून पुढेच सुरू होते. अशोकवनात ती शत्रूच्या कैदेत होती, आणि शत्रूकडून छळ होणारच, हे तिला ठाऊक होते. सुटका झाल्यावर जे झाले ते आपल्या माणसांकडून झाले. त्यावेळी मात्र मैदानात कोणी थांबलेले नसते.

अशा कथांचा अर्थ लावायचा कसा, हा आजचा विषय. आपल्याकडे दोन रिवाज पडून गेले आहेत. एक वकिलाचा. अग्नीत शिरली ती खरी सीता नव्हतीच, छायासीता होती, असे सांगून मोकळे व्हावयाचे. अध्यात्मरामायणाने ही वाट दाखविली आणि पुष्कळ कीर्तनकारांनी ती पुढे चालविली. दुसरा रिवाज फौजदाराचा. रामाला पिंजऱ्यात उभे करावयाचे, कलमे लावावयाची आणि निकाल वाचून खाली बसावयाचे. पहिल्यापेक्षा दुसऱ्यात धैर्य अधिक लागते हे आम्ही मान्य करतो. तथापि दोन्हीत एक चमत्कारिक साम्य आहे : सीता काय म्हणते हे कोणीच ऐकत नाही. वकील तिची सावली करतो आणि फौजदार तिचा पुरावा करतो.

वाल्मीकींनी तिला पुष्कळ बोलू दिले आहे. युद्धकांडात राम चारचौघांत कठोर बोलतो तेव्हा ती रडते खरी, पण डोळे पुसून त्याला सुनावते. सामान्य पुरुषाने सामान्य बाईशी बोलावे तसे हे बोलणे आहे, असा तिच्या म्हणण्याचा आशय आहे. चिताही ती स्वतः होऊन रचावयास सांगते. उत्तरकांडात पुन्हा सभा भरते, वाल्मीकी स्वतः तिच्या शुद्धतेची ग्वाही देतात, आणि तरीही तिने शपथ घ्यावी अशी अपेक्षा असते. ती शपथ घेते, पण त्या शपथेतच पृथ्वीला सांगते की मी शुद्ध असेन तर मला पोटात घे. शुद्ध ठरली आणि त्याच क्षणी निघून गेली. उत्तरकांड मागाहून जोडले गेले असे बहुतेक विद्वान मानतात. जोडले असेल. पण ज्या कोणी जोडले त्याला सीतेला पुन्हा अयोध्येच्या राणीवशात नेऊन बसविणे जमले नाही, हे आम्हांला फार मोलाचे वाटते.

पंडितांचे असो. आपल्या आयाबायांनी या कथेचा अर्थ जात्यावर लावला आहे. हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ यांनी महाराष्ट्रातील हजाराहून अधिक गावांतून लाखावर ओव्या गोळा केल्या. त्यांत सीता वारंवार येते, आणि ती महाराणी म्हणून येत नाही, सासुरवाशीण म्हणून येते. तिचा छळ करणारी रावण नव्हे, सासू कैकेयी आहे. कैकेयी म्हणते, रावण कसा होता ते काढून दाखव. सीतेने मान वर करून त्याला पाहिलेलेच नाही, म्हणून ती केवळ पायाचा अंगठा काढते. उरलेले चित्र सासू पुरे करते आणि रामाला नेऊन दाखविते. ही कथा वाल्मीकीत नाही. पण ज्या बाईला नवऱ्याच्या मनात विष कसे कालविले जाते हे चुलीपाशी बसून पाहावे लागले आहे, तिला धोब्याच्या गोष्टीपेक्षा अंगठ्याची गोष्ट अधिक खरी वाटली असावी. सीतेने आपला सासुरवास देशोदेशीच्या बायकांना वाटून दिला, असेही त्या गातात. आमच्या आजीला लिहिता-वाचता येत नव्हते, पण आपल्या वाट्याला कितवा हिस्सा आला हे ती अचूक सांगत असे!

शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात, राळेगाव तालुक्यात, रावेरीला सीतेचे देऊळ आहे. रामावाचून एकटीचे. टाकलेली सीता येथे लवकुशांना घेऊन राहिली, तिने गावात पसाभर गहू मागितले, गावाने दिले नाहीत, आणि येथे गहू पिकणार नाही असा तिने शाप दिला, अशी तेथील आख्यायिका. शेतकरी नेते शरद जोशी यांनी या देवळाच्या जीर्णोद्धारासाठी पुढाकार घेतला. शेतकरी पुरुषांनी आपली काही जमीन बायकोच्या नावे करावी, ही ‘लक्ष्मीमुक्ती’ची मोहीमही 1990 च्या सुमारास त्यांनीच चालविली होती. ज्याने सातबारा पाहिला आहे त्याला सीतेची कथा निराळी दिसते, एवढे यावरून ध्यानात यावे.

आता द्रौपदीकडे वळू. औंढ्याचे नागनाथाचे देऊळ धर्मराजाने बांधले अशी आपल्याकडे समजूत आहे. आज उभे असलेले देऊळ जाणकार यादवकाळातले मानतात, पण समजूत गोड आहे. तिला आमची हरकत नाही. फक्त त्या धर्मराजाचे नाव घेताना द्यूतसभाही आठवावी.

द्रौपदीला आणावयास पहिल्यांदा प्रातिकामी नावाचा सेवक गेला. ती रडत बसली नाही. तिने त्याला परत पाठविले : जा, आणि विचार, राजा आधी स्वतःला हरला की आधी मला? जो स्वतःच दास झाला तो दुसऱ्याला पणाला लावू शकतो काय, असा हा प्रश्न. भीष्मांना उत्तर देता आले नाही. धर्माची गती सूक्ष्म आहे, एवढेच ते म्हणाले. (सूक्ष्मपणा हा नेमका अशाच वेळी कसा आठवतो, हे आपण गावच्या पंचायतीतही पाहतो.) विदुराने सभासदांना उत्तर देण्यास बजावले. उठून स्पष्ट बोलला तो कौरवांतलाच कोवळा विकर्ण, आणि त्यालाही दटावून गप्प करण्यात आले.

पुण्याच्या भांडारकर संस्थेने महाभारताची चिकित्सक प्रत सिद्ध केली. ते काम 1919 मध्ये सुरू होऊन 1966 मध्ये पुरे झाले. तिच्यात या प्रसंगी श्रीकृष्णाचा धावा मूळ संहितेत नाही, तो तळटीपांत व परिशिष्टांत गेला आहे. वस्त्रे येतात, पण कोणी पुरविली हे संहिता सांगत नाही. भाविकांना याचे वाईट वाटते, ते आम्ही समजू शकतो. पण धावा बाजूला केला की शिल्लक काय उरते? तिचा प्रश्न उरतो. हरिदासी आख्यानांत धाव्याच्या टाळ्यांनी तो झाकून गेला होता.

इरावतीबाई कर्वे यांनी ‘युगान्त’मध्ये, 1967 साली, हा प्रश्न विचारणे हीच द्रौपदीची मोठी चूक ठरविली. कोणतेही उत्तर आले तरी तिची दशा वाईटच होणार होती, असे त्यांचे म्हणणे. बाईंच्या विद्वत्तेपुढे आम्ही नम्र आहोत, पण येथे आमचे पाऊल अडते. घर पेटले असता मालकी विचारू नये, हे शहाणपण खरे. परंतु येथे मालकीनेच घर पेटविले होते.

आणि हा प्रश्न काही हस्तिनापुरात राहिलेला नाही. 2005 च्या दुरुस्तीने मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतकाच हक्क मिळाला. तरीही दुय्यम निबंधकाच्या कचेरीबाहेर बहिणी हक्कसोडपत्रावर अंगठा द्यावयास उभ्या दिसतात. भाऊ चहा पाजतो, नवी साडी घेतो. एका बाईला आम्ही सहज विचारले, तुम्ही राजीखुशीने सोडता ना? ती म्हणाली, “दादा, माहेर तुटलं तर जायचं कुठं?” आम्हांला भीष्मांसारखेच काही सुचले नाही.

जवळच नर्सी आहे, नामदेवांचे गाव. त्यांच्या घरची जनाबाई गंगाखेडची. द्रौपदीच्या थाळीची कथा तिच्या नावावर आहे. सभेत जो ‘दासी’ शब्द द्रौपदीच्या अंगावर फेकला गेला, तोच जनाबाईने आपण होऊन नाममुद्रेत घेतला. लादलेला शब्द आणि निवडलेला शब्द एकच असतो, त्याचे वजन एक नसते.

शेवटी धृतराष्ट्राने घाबरून द्रौपदीला वर दिले. पहिल्याने तिने युधिष्ठिराला सोडविले, आपल्या मुलाला कोणी दासपुत्र म्हणू नये म्हणून. दुसऱ्याने उरलेल्या चौघांना, रथ आणि शस्त्रांसह. तिसरा वर तिने नाकारला. स्वतःची सुटका तिने मागितलीच नाही. पुष्कळजण याला पातिव्रत्य म्हणतात. आम्हांला वाटते, मागितली असती तर आपण दासी झालो होतो हे तिने स्वतःच्या तोंडाने कबूल केल्यासारखे झाले असते, आणि त्या प्रश्नाचे उत्तर तर सभेने अजून दिले नव्हते.