आकाशमार्गाने येणारे युद्ध

(कोल्हापूर येथे झालेल्या व्याख्यानाचा संपादित पाठ)



छत्रपती राजाराम महाराजांच्या दूरदृष्टीमुळे कोल्हापूरला विमानतळ लाभला. विमान आले की उद्योग वाढतो, व्यापार वाढतो, हा अनुभव या नगरीला नवा नाही. परंतु ज्या आकाशमार्गाने औषधे, फुले आणि यंत्रांचे सुटे भाग जातात, त्याच मार्गाने बंदुकाही जातात. त्यांच्यासाठी वेगळे आकाश नसते आणि पुष्कळदा वेगळी विमानेही नसतात. खोटी असतात ती कागदपत्रे. या व्यापाराचा प्राण कागदात आहे, हे एकदा ध्यानात घेतले म्हणजे त्याला रोखायचे कोठे, हेही ध्यानात येते.

याचा सर्वांत कटू धडा भारताला १९९५ साली मिळाला. १७ डिसेंबरच्या रात्री पश्चिम बंगालमधील पुरुलिया जिल्ह्यातील झालदा-जयपूर परिसरावर अन्तोनोव्ह-२६ जातीचे मालवाहू विमान घिरट्या घालून गेले. या विमानाला मागील बाजूस उतरता दरवाजा असतो आणि तो उडत असतानाही उघडता येतो. त्यातून हवाई छत्र्या बांधलेल्या अवजड पेट्या खाली सोडण्यात आल्या. सकाळी गावकरी शेतात गेले, तो शिवारात शस्त्रे विखुरलेली! शेकडो एके-४७ बंदुका, रॉकेट लाँचर, रणगाडाविरोधी बॉम्ब आणि लाखो काडतुसे. पोलीस पोहोचण्यापूर्वी त्यांतील काही लोकांच्या घरी गेली होती. सगळी शस्त्रे परत मिळाली नाहीत.

या विमानाचा प्रवास पाहण्यासारखा आहे. विमान लॅटव्हियात विकत घेतलेले. शस्त्रे बल्गेरियातील बुर्गास येथे भरलेली. ती बांगलादेशासाठी आहेत असे दाखविणारा अंतिम वापरकर्त्याचा बनावट दाखला तयार केलेला. पुढे कराची आणि नंतर वाराणसी. वाराणसीस रीतसर इंधन घेऊन विमान कोलकात्याकडे निघाले आणि वाटेत माल टाकून कोलकात्यास उतरले. तेथून ते थायलंडमधील फुकेतला गेले. ज्या देशावर शस्त्रे टाकली, त्याच देशाच्या विमानतळांवर त्याने इंधन घेतले, हे विसरता कामा नये.

धाडस एवढे वाढले, की काही दिवसांतच हे विमान चेन्नईमार्गे पुन्हा भारताच्या आकाशात आले. २१-२२ डिसेंबरच्या रात्री त्याला मुंबईच्या सहार विमानतळावर उतरण्यास भाग पाडण्यात आले. विमानात ब्रिटिश शस्त्रविक्रेता पीटर ब्लीच, लॅटव्हियाचे पाच वैमानिक-कर्मचारी आणि ‘किम डेव्ही’ हे नाव धारण केलेला डेन्मार्कचा नागरिक नील्स होल्क होता. या कटाचा सूत्रधार समजला जाणारा होल्क विमानतळावरूनच निसटला. सहा जण हाती लागले आणि मुख्य माणूस मुंबईतून बेपत्ता झाला.

याहून वेदनादायक बाब अशी, की इशारा आधीच मिळाला होता. ब्लीचने स्वतःच ब्रिटनमधील अधिकाऱ्यांना या व्यवहाराची कल्पना दिली होती आणि ब्रिटनने ती माहिती नोव्हेंबरमध्ये भारताला कळविली होती. त्या काळी प्रसिद्ध झालेल्या वृत्तांनुसार हा इशारा राज्य सरकारकडे नोंदणीकृत टपालाने धाडण्यात आला. विमान वेळेवर पोहोचले, पत्राला उशीर झाला. शत्रूच्या कौशल्याइतकीच आपली दप्तरदिरंगाई त्या रात्री पुरुलियाच्या आकाशात उपस्थित होती.

ही शस्त्रे आनंदमार्ग संघटनेसाठी होती, असे केंद्रीय अन्वेषण विभागाचे म्हणणे होते. संघटनेने ते नाकारले. होल्कने पुढे भारतातीलच राजकीय शक्तींकडे बोट दाखविले. अन्वेषण विभागाने ते फेटाळले. २००० साली कोलकात्याच्या न्यायालयाने पकडलेल्या सहा जणांना जन्मठेप ठोठावली. त्याच वर्षी रशियाच्या विनंतीवरून पाच कर्मचारी सुटले आणि २००४ साली ब्लीचही सुटला. होल्कला आपल्या हवाली करण्यास डेन्मार्कच्या न्यायालयांनी २०१० आणि २०११ मध्ये नकार दिला. २०२४ च्या ऑगस्टमध्ये तेथील न्यायालयाने पुन्हा तोच निर्णय दिला. भारतीय न्यायालयापुढे तो कधी उभाच राहिला नाही. त्यामुळे शस्त्रे नेमकी कोणासाठी होती, या प्रश्नाचे निर्विवाद उत्तर आजही देशाला मिळालेले नाही.

असे विमान मिळते तरी कोठून? १९९१ मध्ये सोव्हिएत संघराज्य कोसळले. अन्तोनोव्ह आणि इल्युशिन जातीची दणकट मालवाहू विमाने, बेकार वैमानिक आणि शस्त्रांनी भरलेली कोठारे एकदम बाजारात आली. कच्च्या धावपट्टीवरही उतरू शकणारी ही विमाने युद्धग्रस्त प्रदेशांसाठी जणू घडविलेलीच होती. शारजात बस्तान मांडलेल्या व्हिक्टर बूट या रशियन व्यापाऱ्याने यावर साम्राज्य उभे केले. विमानाची नोंदणी एका देशात, कंपनी दुसऱ्यात, वैमानिक तिसऱ्या देशाचे आणि माल चौथ्याचा. एका देशाने नोंदणी रद्द केली, की दुसऱ्याचे चिन्ह रंगविले जाई. हीच विमाने कधी शस्त्रे, तर कधी मदतीचे साहित्य वाहून नेत. २००८ मध्ये बँकॉकला पकडला गेलेला बूट २०१२ मध्ये अमेरिकेत २५ वर्षांची शिक्षा घेऊन तुरुंगात गेला आणि डिसेंबर २०२२ मध्ये कैद्यांच्या अदलाबदलीत रशियाला परतला.

शस्त्रे घेऊन गेलेले विमान परतताना रिकामे येत नसे. अंगोला आणि सिएरा लिओनमधील बंडखोरांकडे रोख रक्कम नव्हती, खाणी होत्या. शस्त्रांची किंमत हिऱ्यांत चुकती होई. येथे हा विषय आपल्या दाराशी येतो, कारण जगातील हिऱ्यांना पैलू पाडण्याचे बहुतांश काम सुरतेत होते आणि मुंबई ही त्यांची मोठी पेठ आहे. हिऱ्याच्या उगमाचा दाखला सक्तीचा करणारी किंबर्ली व्यवस्था १ जानेवारी २००३ पासून अमलात आली. भारत तिच्यात प्रारंभापासून आहे आणि २००८ व २०१९ मध्ये तिचे अध्यक्षपदही त्याने भूषविले. परंतु या व्यवस्थेची व्याख्या बंडखोरांना पैसा पुरविणाऱ्या कच्च्या हिऱ्यांपुरतीच मर्यादित आहे. सोने तिच्या कक्षेत येतच नाही. गुजरीत दागिना घेणारा ग्राहक शुद्धतेची खूण पाहतो. धातू कोणत्या खाणीतून आला, हे त्या खुणेवर लिहिलेले नसते.

डिसेंबर २००९ मध्ये बँकॉकला एक इल्युशिन-७६ अडविले गेले. कागदोपत्री माल तेलविहिरींच्या खोदकामाची यंत्रे. प्रत्यक्षात निघाली उत्तर कोरियाची सुमारे ३५ टन शस्त्रे. पुरुलियानंतर १४ वर्षे लोटली होती, पण तीच युक्ती वापरात होती. २०१९ पासून पंजाबच्या सीमेवर ड्रोनने बंदुका व अमली पदार्थ टाकले जाऊ लागले. अवजड विमानाचे काम आता हातात मावणारे यंत्र करू लागले आहे.

मग सामान्य नागरिकाने काय करावे? रडार बसविणे हे शासनाचे काम आहे. परंतु कागद तर समाजातील माणसेच लिहितात, तपासतात आणि त्यावर शिक्के मारतात. शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या कारखान्यांतील माल परदेशी जातो. लष्करी कामी येऊ शकणाऱ्या वस्तूंची ‘स्कोमेट’ नावाची यादी भारत सरकारने केली आहे आणि अशा मालाच्या निर्यातीसाठी परवाना लागतो. तो मागताना अंतिम वापरकर्ता कोण, हे सांगावे लागते. ही अट म्हणजे विनाकारण आलेली कटकट नव्हे. बांगलादेशाच्या नावाचा एक खोटा दाखला वेळीच उघडा पडला असता, तर पुरुलियाच्या शेतात बंदुका पडल्या नसत्या.

१९९३ मध्ये शेखाडीच्या किनाऱ्यावर स्फोटके उतरली, तेव्हा सीमाशुल्क खात्यातील माणसे पैशाला विकली गेली होती. मुंबईत २५७ जीव गेले. पुरुलियात इशारा टपालात अडकला. एका ठिकाणी लाच, दुसऱ्या ठिकाणी आळस. देशाचे दार या दोन्हींनी सारखेच उघडते. सैनिक सीमेवर जागा असतो. टेबलामागे बसलेला कारकून, मालाची पावती करणारा दलाल आणि निर्यातीचा फॉर्म भरणारा तरुण अभियंता हेही त्याच सीमेवर उभे आहेत. आपल्या सहीखालून काय चालले आहे हे वाचून पाहण्याची सवय प्रत्येकाने लावून घेतली, तर या देशाचे आकाश पुष्कळ सुरक्षित होईल.