अपग्रेडनंतर मेल अडली तर

विंडोज १० वरून ११ वर गेल्यावर जुना ‘मेल’ प्रोग्रॅम चालत नाही, अशी अनेकांची अडचण आहे. यात तुमचा संगणक बिघडलेला नाही. मायक्रोसॉफ्टने ३१ डिसेंबर २०२४ रोजी त्या प्रोग्रॅमला पाठबळ देणेच थांबवले. त्याची जागा नव्या आउटलुकने घेतली.

पण घाईने जुने खाते काढून टाकू नका! आधी ब्राउझरमधून मेल उघडून पाहा. सगळे संदेश तिथे दिसले, तर ते सर्व्हरवर सुरक्षित आहेत. आउटलुकमध्ये खाते जोडले की पुन्हा दिसतील. खाते ‘पॉप’ पद्धतीचे, म्हणजे संदेश संगणकात उतरवून घेणारे असेल, तर मात्र संदेशांची एकमेव प्रत तुमच्याच संगणकात असू शकते. ती आधी पेनड्राइव्हवर घ्या.

आणि मदतीच्या नावाखाली फोनवर कुणी पासवर्ड किंवा ओटीपी मागितला, तर मुळीच देऊ नका.