पोशाखाची पारख
एखादा तरुण वकील भारी पोशाखात दिसला की ‘मिरवतो आहे’ असा शेरा चटकन मारला जातो. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या सूटबुटावरही टीका झाली. परंतु १९१७ साली परदेशात शिकून बडोद्यास नोकरीवर रुजू झालेल्या याच तरुणाला जातीपायी बिऱ्हाड सोडावे लागले होते. ज्यांना रूढीने नेटकी वस्त्रेही नाकारली, त्यांच्या अंगावरचा सूट हा बरोबरीचा उघड दावा होता. १९२७ मध्ये महाडला त्यांनी स्त्रियांनाही जात सांगणारा वेश टाकण्यास सांगितले. हीरक महोत्सवास उंची कपड्यांत आलेल्या माजी विद्यार्थ्याच्या कोटाची किंमत काढण्याआधी, त्याला कधीकाळी काय नाकारले गेले होते, हे आपुलकीने विचारावे.