गाभे किती आणि मोल किती?



मालवणच्या किनाऱ्यावर येऊन संगणकाच्या प्रोसेसरवर बोलणे कुणाला विचित्र वाटेल. परंतु पतसंस्थेपासून फोटोच्या दुकानापर्यंत आणि शाळेपासून ग्रामपंचायतीपर्यंत हे यंत्र आता आपल्या दारी आले आहे, आणि त्याचे पैसे आपणच मोजतो. ज्याचे पैसे मोजतो ती वस्तू काय आहे, हे जाणून घेणे गिऱ्हाईक म्हणून आपले कर्तव्य आहे.

आरंभी माझी स्वतःची एक चूक सांगतो. काही वर्षांपूर्वी एका शाळेच्या खरेदी समितीवर मी होतो. देणगीच्या रकमेतून संगणक घ्यायचे होते. दोन दरपत्रके पुढे आली. तेवढ्याच पैशांत एकाकडे चार कोअरची दहा यंत्रे मिळत होती, दुसऱ्याकडे आठ कोअरची सहा. 'चारापेक्षा आठ केव्हाही चांगले' असे म्हणून मी दुसऱ्याचा आग्रह धरला आणि तो मान्यही झाला. वर्गात मुले तीस. दहा यंत्रे घेतली असती, तर एका यंत्रापुढे तीन मुले बसली असती. आता पाच बसतात. एक टंकलेखन करतो आणि चौघे बघतात. मी कोअर मोजले, मुले मोजायची राहिली. अशी चूक का होते, तेच आज सांगायचे आहे.

प्रोसेसर म्हणजे संगणकातील हिशेब करणारा भाग. त्यात स्वतंत्रपणे काम करू शकणारे जे घटक असतात त्यांना कोअर म्हणतात. आपण गाभा म्हणू. पूर्वी टेबलावरच्या संगणकाच्या प्रोसेसरात एकच गाभा असे, आणि सारी चढाओढ त्याच्या वेगाची असे. २००४ साली इंटेल कंपनी ३.८ गिगाहर्ट्झपर्यंत, म्हणजे सेकंदाला ३८० कोटी ठोक्यांपर्यंत, पोचली. चारचा पल्ला तिने जाहीर केला होता, पण त्याच वर्षी तो बेत सोडून दिला. वेग वाढवावा तशी उष्णता वाढते, हे मोठे संकट होते. तेव्हा २००५ मध्ये इंटेल आणि तिची प्रतिस्पर्धी एएमडी या दोघींनीही एका प्रोसेसरात दोन गाभे घातले. वेगाची शर्यत संपून संख्येची शर्यत सुरू झाली.

ही स्पर्धा मुळात टिकून राहिली ती एका गिऱ्हाइकाच्या सावधपणामुळे. इंटेल १९६८ ची, एएमडी १९६९ ची. आयबीएमला आपल्या संगणकासाठी एकाच पुरवठादारावर विसंबायचे नव्हते. त्यामुळे १९८२ मध्ये इंटेलने आपल्या घडणीचे प्रोसेसर बनविण्याची मुभा एएमडीला दिली. स्पर्धा मंदावली की काय होते, तेही पाहा. २००७ पासून सुमारे दहा वर्षे सामान्य गिऱ्हाइकासाठी इंटेलचा उत्तम प्रोसेसर चारच गाभ्यांचा राहिला. मार्च २०१७ मध्ये एएमडीने 'रायझन' आणला. त्यातील आठ गाभ्यांच्या वरच्या प्रोसेसरची किंमत होती ४९९ डॉलर. त्या वेळी इंटेलच्या आठ गाभ्यांना हजार डॉलरांहून अधिक मोजावे लागत. त्याच वर्षी इंटेलने सामान्यांसाठी सहा गाभे दिले, पुढच्या वर्षी आठ. २०१९ मध्ये एएमडी सोळांवर गेली. जे दहा वर्षांत झाले नाही ते दोन वर्षांत झाले! स्पर्धेचे हे ऋण मान्य केलेच पाहिजे.

परंतु सगळेच गाभे सारखे नसतात. २०११ साली एएमडीने आठ गाभ्यांचा म्हणून जो प्रोसेसर विकला, त्यात दोन-दोन गाभ्यांमध्ये काही भाग सामाईक होता. यांना आठ म्हणावे का, यावर अमेरिकेत गिऱ्हाइकांनी दावा लावला आणि २०१९ मध्ये तो १ कोटी २१ लाख डॉलरांच्या तडजोडीने मिटला. इंटेलच्या २०२१ मधील सोळा गाभ्यांत आठ मोठे आणि आठ लहान होते. एकाचे सोळा आणि दुसऱ्याचे सोळा एकाच मापाने मोजता येत नाहीत, ते असे.

आणखी एक गोष्ट आपली रापण शिकवते. होडी जाळे टाकीत अर्धवर्तुळाने फिरून येते, मग किनाऱ्यावरची माणसे दोन्ही दोर ओढतात. हिशेबापुरते धरू, की जाळे टाकायला एक तास आणि ओढायला तीन तास लागतात. माणसे दुप्पट केली, तर ओढण्याचा वेळ दीड तास होईल, एकूण अडीच. चौपट केली, तर पावणेदोन. पण सारे गाव दोराला लावले, तरी होडीचा तास काही कमी होत नाही. जीन अॅमडाल या शास्त्रज्ञाने १९६७ मध्ये संगणकाविषयी हेच मांडले: कामाचा जो भाग वाटून देता येत नाही, तोच शेवटी वेग ठरवतो. पत्र लिहिणे, खतावणी ठेवणे ही कामे बरीचशी होडीसारखी. चलच्चित्रे जोडून तयार करणे, शेकडो छायाचित्रांवर एकदम प्रक्रिया करणे ही दोर ओढण्यासारखी.

म्हणून संख्या व्यर्थ आहे असे नव्हे. अमेरिकेकडून महासंगणक मिळण्यात अडचणी आल्या, तेव्हा १९८८ साली पुण्यात सी-डॅक ही संस्था स्थापन झाली. डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये 'परम ८०००' सिद्ध झाला. त्यात एकच बलाढ्य प्रोसेसर नव्हता. ६४ लहान प्रोसेसर जोडलेले होते. पण तिथे काम वाटता येण्याजोगे होते, आणि ते कसे वाटावे याची विद्याही आपल्या माणसांनी घडवली होती.

तेव्हा दुकानात जाण्यापूर्वी तीन प्रश्न स्वतःस विचारा. माझे काम वाटता येते काय? दोन्ही कंपन्यांच्या यंत्रांवर हेच काम करून पाहिल्यास किती वेळ लागतो? आणि उरलेल्या पैशांत अधिक निकडीचे काय घेता येईल? हे प्रश्न मी त्या दिवशी विचारले नाहीत. म्हणून उरलेल्या चार यंत्रांसाठी पुन्हा देणगीदारांच्या दारी जावे लागत आहे. आपल्यापैकी कुणी अशा समितीवर असेल, तर त्याने आधी वर्गात जावे, मुले मोजावीत आणि मग दरपत्रक उघडावे.