दुखावलेल्या बाईजवळ बसताना

 

नोव्हेंबर २०१८ पासूनचे भूकंपाचे धक्के आपल्यापैकी कोणीच विसरलेलं नाही. धुंदलवाडीच्या आसपास जमीन पुन्हापुन्हा हलत होती. १ फेब्रुवारी २०१९ ला ४.१ तीव्रतेचा धक्का बसला. भिंतींना तडे गेले आणि थंडीत आपण मुलाबाळांना घेऊन ताडपत्रीखाली झोपलो. आज सांगायची गोष्ट त्याच रात्रींची आहे.

आमच्या बचत गटात चौघी-पाचजणी ख्रिस्ती आहोत, बाकीच्या नाहीत. त्या वर्षी पावसाळ्यात गटातल्या एका बाईचं लेकरू तापाने गेलं होतं. त्यात हा भूकंप. आम्ही घोंगडी आणि तांदूळ घेऊन तिच्याकडे गेलो आणि देता देताच म्हणालो, "येशूवर विश्वास ठेव, सगळं नीट होईल."

तिने घोंगडी बाजूला सारली. म्हणाली, "ही घेतली तर प्रार्थनेला यावं लागंल का?"

आम्हाला मान वर करता येईना. आमच्या मनात तसं नव्हतं, पण तिला तसंच वाटलं. उघड्यावर झोपलेल्या बाईला मोकळेपणाने नाही म्हणता येतं का?

पंडिता रमाबाईंचं उदाहरण आपल्याला माहीत असायला हवं. त्यांचे आईवडील दुष्काळाच्या हालात गेले. पुढे १८८३ मध्ये त्या ख्रिस्ती झाल्या. १८८९ मध्ये त्यांनी मुंबईत विधवांसाठी शारदा सदन काढलं आणि पुढच्या वर्षी ते पुण्याला नेलं. काही मुली त्यांच्या प्रार्थनेला बसू लागल्या तेव्हा १८९३ मध्ये मोठा गदारोळ झाला, अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. पण त्यांचं काम थांबलं नाही. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी, निराधार मुलींना घेऊन आल्या. त्यातूनच केडगावचं मुक्ती सदन वाढलं. यातून आम्ही दोन गोष्टी घेतल्या. आपल्या श्रद्धेतूनच आपल्या हाताला बळ येतं, ती लपवायचं कारण नाही. पण आसऱ्याला आलेल्या माणसाच्या मनात संशय आला, की मदतीवरचाही विश्वास उडतो.

बायबलात ईयोबाची गोष्ट आहे. त्याची मुलंबाळं गेली, गुरंढोरं गेली, अंगभर फोड आले. त्याचे मित्र आले आणि सात दिवस, सात रात्री त्याच्याजवळ गप्प बसले. तेवढं त्यांचं बरोबर होतं. मग ते बोलू लागले, त्याचंच काही चुकलं असेल असं सांगू लागले, आणि त्याचं दुःख वाढवून बसले. येशूसुद्धा लाजराच्या कबरेपाशी आधी रडला.

मग आम्हीही गप्प राहायला शिकलो. रोज संध्याकाळी एकीने तिच्याकडे जायचं, पाणी भरायचं, चूल पेटवायची, ती बोलली तर ऐकायचं. दीड महिन्याने तिनेच विचारलं, "तुमच्या पण भिंती फाटल्यात. तुम्हाला झोप कशी लागते?" तेव्हा आम्ही खरं सांगितलं. भीती आम्हालाही वाटते, पण येशू या अंधारात आमच्याजवळ आहे असं आम्ही मानतो, म्हणून डोळा लागतो. तिने ऐकून घेतलं. ती आजही चैत्रात महालक्ष्मीच्या जत्रेला जाते आणि आमच्या गटातही आहे. घोंगडीही तिने नंतर घेतली.

म्हणून आम्ही गटात काही गोष्टी ठरवल्या आहेत. मदत आणि प्रार्थना एकाच वेळी करायची नाही. प्रार्थना करण्याआधी विचारायचं, आणि ती नको म्हणाली तर रागवायचं नाही. "देवाची इच्छा होती", "तुझ्या पापाचं फळ" असं कधीच बोलायचं नाही. गटाचं कर्ज, हप्ता, धान्य यात कोणाचा देव कोणता हे बघायचं नाही. आजारी माणसाला आधी दवाखान्यात न्यायचं. प्रार्थना वाटेतही करता येते, पण औषध बंद करायला सांगायचं नाही. कोणी बाई जेवत नसेल, झोपत नसेल, जीव नकोसा झालाय म्हणत असेल, तर तिला एकटं सोडायचं नाही. १४४१६ हा टेलिमानसचा सरकारी नंबर आहे, तिथे फोन लावून द्यायचा.

तुमच्या पाड्यावर अशी कोणी असेल तर आज संध्याकाळी तिच्याकडे जा. काय बोलायचं ते सुचलं नाही तरी चालेल. जाताना पाण्याचा एक हंडा भरून न्या.